खादेल डोंगर

विहीर खोदणारे खानदेशात गल्लोगल्ली मिळतात, पण ‘पाषाण लागला’ हे छातीठोकपणे सांगणारा माणूस मिळत नाही. धरणगावचे चांदभाई मिस्तरी तो माणूस होते. त्यांची यारी, म्हणजे विहिरीतून टोपलं वर ओढायचं यंत्र, दुसऱ्या कुणाच्याही यारीसारखीच कुरकुरायची. त्यांची माणसंही चार लोकांसारखीच. तरी एरंडोलपासून शिरपूरपर्यंत लोक त्यांनाच बोलावत, ते त्या एका शब्दासाठी.

त्याचं असं आहे. खणायला घेतलं की आधी माती लागते, मग मुरूम, मग दगडगोटे. तोवर कडा सुटत राहतात, म्हणून खाली जाल तसं काँक्रीटचं गोल कडं बांधत जावं लागतं. एकदा अखंड काळा पाषाण लागला की बांधकाम बंद. पाषाण स्वतःला धरून राहतो आणि वरचं कडंही त्याच्यावरच बसतं. तेव्हा पाषाण लागला की नाही हे ठरवणं म्हणजे खाली उतरणाऱ्यांचा जीव कशाच्या भरवशावर सोडायचा हे ठरवणं. चांदभाई त्यासाठी स्वतः खाली उतरत, पहारेने एक ठोका देत आणि दगडाला कान लावत. सुटा दगड ठणकतो आणि लगेच गप्प होतो. जमिनीच्या पोटातला दगड जरा उशिराने, खोलातून हुंकार देतो. तो हुंकार आला की चांदभाई वर येत, डोक्यावरची टोपी सारखी करत आणि म्हणत, “पाषाण लागला.”

मग शेतकरी गुळाची ढेप फोडायचा. पहिला खडा विहिरीत, दुसरा मिस्तरीच्या तोंडात, उरलेला गावात. ह्याला पाषाणाचा गूळ म्हणतात. तो खाल्ल्यावर पुन्हा कडं बांधायचं नाही, अशी रीत आहे. बांधलं तर मिस्तरीच्या कानावर विश्वास नाही असं सांगितल्यासारखं होतं, आणि चांदभाईंच्या कानावर आजवर कुणी शंका घेतली नव्हती.

धोंडखेडे हे गाव चोपड्याच्या वर, सातपुड्याला टेकून आहे. गावात सपाट असं काही नाही. घराएवढे धोंडे आणि धोंड्यांच्या आडोशाने घरं. कुणाच्या गोठ्याची मागची भिंत म्हणजे धोंडा, कुणाचा ओटा म्हणजे धोंडा. भिकुबाईचं तर स्वयंपाकघरच एका धोंड्याच्या पोटाखाली आहे, आणि आपल्याला कौलं शाकारावी लागत नाहीत म्हणून ती वर मिरवते. गावामागे डोंगर आहे. त्याची एक बाजू शेंड्यापासून पायापर्यंत गायब; उरलाय तो उभा कडा, भाकरीचा मोठा तुकडा मोडून घ्यावा तसा. गावाचं म्हणणं असं, की एका भुकेल्या राक्षसाने डोंगराचा घास घेतला, दाताखाली खडे आले म्हणून थू करून टाकला, आणि त्या थुंकीवर गाव वसलं. म्हणून तो खादेल डोंगर. हे सांगताना लोक स्वतःच हसतात.

धोंडे संपले की मात्र जमीन एकदम बदलते. काळी, सपाट, हातात घ्यावीशी माती. तिथे केळीचे बाग आहेत. तोताराम आबांचाही बाग तिथेच, पण त्याला पाणी पुरेना. बोअर घ्यायला गेलं तर पाईप धोंड्यांत अडकून वाकायचा. शेवटी आबांनी बागेच्या वरच्या अंगाला, धोंड्यांच्या कडेला विहीर घ्यायचं ठरवलं आणि चांदभाईंना बोलावणं धाडलं.

काम सुरू झालं तेव्हा थंडी होती. त्या दिवसांत जळगावच्या एका कॉलेजातल्या भूगर्भशास्त्राच्या प्राध्यापक, चारुलता मॅडम, मुलांची बस घेऊन डोंगर बघायला आल्या. विहिरीतून काढलेल्या मातीच्या ढिगावर उभ्या राहून त्या मुलांना समजावत होत्या. चांदभाई बिडी विझवून ऐकायला थांबले.

“राक्षस कुणी नव्हता, पण घास खरा आहे,” मॅडम म्हणाल्या. “हजारो वर्षांपूर्वी, इथे कुणी नांगर धरायच्या कितीतरी आधी, ह्या डोंगराची अख्खी बाजू एका दमात सुटली. नुसती पडली नाही, वाहत आली. हे एवढाले धोंडे पाण्यासारखे धावले असतील. इथे नदी होती, ती बुजली. मागे तळं साचलं. वर्षानुवर्षं त्यात गाळ बसत गेला आणि तळं भरून संपलं. ही काळी जमीन म्हणजे त्या तळ्याचा तळ. नदीला वाट उरली नाही म्हणून तिने गावाला वळसा घातला. तुम्ही ज्यांना टेकड्या म्हणता ते ढिगारे आहेत. हे गाव डोंगराच्या पायथ्याशी नाहीच. ते पडलेल्या डोंगराच्या अंगावर आहे.”

तोताराम आबांनी पागोटं मागे सारलं. “म्हंजे मन्ही केळी त्या डोंगरनी किरपा शे?”

“हो आबा. तो पडला नसता तर इथे नुसता खडकाळ नाला असता.”

“मंग भला पडना, भो!” आबा म्हणाले, आणि पोरं खो खो हसली.

चांदभाईंनी एवढंच विचारलं, “मॅडम, परत पडेल का?”

मॅडमनी कड्याकडे निरखून पाहिलं. “लगेच काही पडेल असं वाटत नाही.”

“मग झालं तर. जे पडायचं ते पडून गेलं.”

बसवाल्याने हॉर्न दिला, पोरांना भुका लागल्या होत्या, आणि मॅडम गेल्या. विहिरीबद्दल चांदभाईंनी काही विचारलं नाही, मॅडमनीही काही सांगितलं नाही. चांदभाईंना दगडाचा आवाज कळत होता आणि मॅडमना दगड कुठून आला ते कळत होतं. दोघं एक चहा घेऊन बसले असते तरी पुढचं सगळं टळलं असतं. पण चहा राहिला, आणि आता ह्या बोलण्याला काही अर्थ नाही.

उन्हं तापायला लागली तेव्हा काळा पाषाण लागला. चांदभाई खाली उतरले. पहार मारली, कान लावला. हुंकार आला, असा की त्यांच्या दातांपर्यंत पोचला. इतका भरदार हुंकार त्यांनी बऱ्याच वर्षांत ऐकला नव्हता. त्यांनी वर येऊन शब्द दिला, आबांनी ढेप फोडली, गावात गूळ वाटला गेला. खोटं कुणी बोललं नव्हतं, धोंडासुद्धा नाही. एवढ्या प्रचंड धोंड्याचा आवाज आणखी कसा येणार होता?

खाली काम करायचा तौफिक, चांदभाईंचा एकुलता एक मुलगा. हात बापाचा आणि सावधपणा आईचा. आईसाठी तर तो आपल्या वाटणीचा गूळ प्रत्येक वेळी कागदात बांधून घरी न्यायचा, कारण मुमताजबींना बाजारच्या पेढ्यापेक्षा हा गूळ गोड लागे. सुरुंग लावून त्याने आणि झिपरूने तो काळा पाषाण फोडत नेला. झिपरू वैजापूरकडचा, चांदभाईंच्या हाताखाली लहानाचा मोठा झालेला. वरून यारी तो चालवायचा. यारीच्या इंजिनापुढे हाक ऐकू जात नाही, म्हणून त्यांची खूण ठरलेली होती. उपशाच्या मोटारीचा लोखंडी पाईप वरपासून तळापर्यंत गेलेला असतो, त्याच्यावर ठोकायचं. खालून दोन ठोके म्हणजे ‘वर ओढा’. वरून एक ठोका म्हणजे ‘ऐकलं’.

एका संध्याकाळी तौफिक वर आला. हातपाय धुऊन बापाजवळ बसला आणि हळूच म्हणाला, “अब्बा, नीचे की आवाज बदल गई. एक कडं डाल लें क्या?”

समोर तोताराम आबा खाटेवर बसले होते. त्यांनी चांदभाईंकडे पाहिलं. चांदभाई हसले, पण कानाच्या पाळ्या तापल्या.

“गूळ खाल्ल्यावर कडं? लोक काय म्हणतील, चांद मिस्तरीला कमी ऐकू यायला लागलं?”

तौफिकही हसला. बापाचा मान त्याला आपल्या म्हणण्यापेक्षा मोठा वाटला, आणि विषय तिथेच संपला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो एकटाच खाली उतरला. पहिलं टोपलं वर आलं त्यात माती होती, चिकट, निळसर. दुसऱ्या टोपल्यात मातीबरोबर काहीतरी काळं आडवं पडलं होतं. झिपरूने ते उचललं आणि चकित होऊन ओरडला, “चांदभो, लाकूड शे हाई! देखा, साल बी शे!”

चांदभाईंनी ते हातात घेतलं. ओलं, जड, कोळशासारखं काळं, पण सालीवरच्या रेघा जागच्या जागी. एका झाडाची फांदी होती ती. मग एकेक गोष्ट सरळ होत गेली. पाषाणाखाली झाड कसं असेल? झाड आधी उभं होतं आणि पाषाण मागून आला, तरच. म्हणजे तो पाषाण नव्हताच. जमिनीच्या पोटातला तर मुळीच नाही. तो वरून आलेला एक धोंडा होता, भिकुबाईच्या स्वयंपाकघरावरच्या धोंड्याचाच भाऊ, आणि आपण त्याला आरपार भोक पाडून त्याच्या खालची माती काढत होतो. त्यांनी मान वर करून खादेल डोंगराकडे पाहिलं. मॅडमचं सगळं बोलणं त्यांना आता समजलं.

“तौफिक! ऊपर आ! सब छोड के ऊपर आ!”

इंजिनाच्या आवाजात हाक विरली, पण खाली त्यालाही काहीतरी दिसलं असावं. पाईपवर दोन ठोके आले, घाईघाईने. वर ओढा. चांदभाईंनी जवळच्या पहारेने एक ठोका दिला. ऐकलं. झिपरूने दांडा ओढला, दोर ताणला गेला, आणि मग दोर एकदम हलका झाला.

फार मोठा आवाज झाला नाही. जमिनीने आवंढा गिळावा तेवढाच. कडं तडकून आत वळलं, यारी कलंडली, झिपरूने बाजूला उडी घेतली, आणि धूळ बसली तेव्हा विहिरीच्या जागी दगडांनी निम्मा भरलेला खड्डा होता. त्यातून तो लोखंडी पाईप तेवढा वाकडा होऊन वर आलेला दिसत होता.

चांदभाई त्या पाईपाला मिठी मारून बसले. बऱ्याच वेळाने दोन ठोके आले.

तो जिवंत होता. धोंड्याच्या पोटाखाली कुठल्यातरी पोकळीत अडकला होता. गाव धावलं. पाईपातून हवा सोडायचा प्रयत्न झाला, पण खाली कुठेतरी तो चेपला होता. वारा जाईना, ठोका मात्र येत होता. चोपड्याहून मोठं खोदायचं मशीन आलं, दुपारपर्यंत धुळ्याहून बचाव पथक आलं. सगळ्यांनी जिवापाड कष्ट केले, ह्यात कुणाला नावं ठेवायला जागा नाही. पण मशीनने एक घास काढला की बाजूने दोन घास आत येत. खड्डा खोल होण्याऐवजी रुंद होत चालला. भिकुबाईच्या भिंतीला तडा गेला आणि तिला धोंड्याखालून बाहेर काढावं लागलं.

चारुलता मॅडमनाही बोलावून घेतलं होतं. त्यांनी खड्ड्याच्या कडा पाहिल्या आणि त्यांचा चेहरा उतरला. “हे सगळं सुटं आहे. खालपर्यंत सुटंच आहे,” त्या पथकाच्या प्रमुखाला म्हणाल्या. “डोंगर पडला तेव्हा जे निम्म्यात थांबलं, ते आता पुढे सरकतंय. आपण जेवढं काढू तेवढं येत राहणार.” मग त्या चांदभाईंकडे वळल्या. “मी त्या दिवशी इथेच उभी होते,” त्या म्हणाल्या. चांदभाईंनी मान हलवली. त्यांना मॅडमचा राग आला नाही. राग यायला मनात जागा हवी, तीच उरली नव्हती.

मुमताजबी धरणगावहून जीपने आल्या त्या थेट पाईपापाशी येऊन बसल्या. त्यांच्यासमोर दोन ठोके आले. त्यांचा चेहरा उजळला. “सुना? बोल रहा मेरा बच्चा!” चांदभाईंनी पहारेने एक ठोका दिला. खूण काय आहे ते त्यांनी बायकोला सांगितलं नाही. तिला ते ‘मी आहे, मी आहे’ असं वाटत होतं, आणि तसंच वाटू दे म्हणून ते गप्प राहिले.

दिवस कलायला लागला तेव्हा झिपरू कमरेला दोर बांधून आला. धोंड्याच्या बाजूने एक फट खाली जाताना दिसत होती. तो उतरला, आणि पुरता आत जाण्याआधीच फट हलली. त्याला ओढून वर काढलं तेव्हा एक हात मनगटातून लोंबत होता. त्याने तो पंच्याने गळ्यात बांधला आणि पुन्हा दोर उचलला.

“मी जास, चांदभो. आते वाट कळनी माले. तो बलाई ऱ्हायना.”

त्याच वेळी, खरंच बोलावल्यासारखे, पाईपवर दोन ठोके आले. सगळे चांदभाईंकडे बघत राहिले. पथकाच्या प्रमुखाने परवानगी नाकारली होती, पण झिपरू ऐकणारा नव्हता. त्याने ऐकलं असतं तर एकाच माणसाचं. दोराचं दुसरं टोक चांदभाईंच्या पायाशी पडलं होतं. त्यांना वाटलं, जाऊ द्यावा. देवाशप्पथ वाटलं. झिपरूच्या घरी त्याची बायको वच्छलाबाई होती, दोन लेकरं होती, हे त्या क्षणी त्यांना आठवूच नये असं वाटलं. पण आठवलं.

त्यांनी दोर उचलला, आपल्या हाताला गुंडाळला आणि म्हणाले, “नको.”

“चांदभो…”

“माझा कान एकदा चुकला. दुसऱ्यांदा नाही चुकणार. ती फट बसणार आहे, झिपरू. नको जाऊस.”

झिपरू खाली बसून ओक्साबोक्शी रडला. थोड्या वेळाने फट खरोखरच बसली. चांदभाईंचा कान बरोबर निघाला, आणि त्याचा आता काय उपयोग होता?

ठोके येत राहिले. आधी भराभर, मग अंतर पडत गेलं. दर वेळी दोनच. दर वेळी चांदभाई एक ठोका देत. रात्र गेली, सकाळ झाली, आबांनी आणलेला चहा थंड झाला. दुसऱ्या दिवशी ऊन डोक्यावर आलं तेव्हा एकच ठोका आला. चांदभाई दुसऱ्याची वाट पाहत राहिले. तो आला नाही.

त्यानंतरही पथकाने प्रयत्न सोडला नाही, पण दिवसभरात खड्डा तोताराम आबांच्या बागेला आणि गावाच्या रस्त्याला जाऊन भिडला. तिसऱ्या दिवशी तहसीलदार चांदभाईंसमोर उकिडवे बसले. अधिकारी माणूस, पण आवाज अगदी खाली आणून म्हणाले, “मिस्तरी, आता खोदलं तर गाव आत येईल. बुजवावं लागेल. पण तुम्ही म्हणाल तरच.”

चांदभाई उठले. डोक्यावरची टोपी त्यांनी सारखी केली. त्यांचं त्यांनाच ते जाणवलं, आणि हात तसाच डोक्यावर राहिला.

“बुजवा,” ते म्हणाले.

धरणगावहून मौलाना आले होते. मय्यत हाती येत नाही, तेव्हा इथेच नमाज होईल, असं त्यांनी सांगितलं. धरणगावच्या कब्रस्तानात तौफिकच्या आजोबांशेजारची जागा रिकामीच राहणार होती. केळीच्या बागेत, दोन ओळींच्या मधल्या काळ्या मातीत, माणसांच्या रांगा लागल्या. तोताराम आबा आणि गावकरी मागे हात जोडून उभे राहिले. नमाज झाल्यावर आबा चांदभाईंपाशी आले. “आठे मी नांगर नही धरू देवाव कोनले. बठ्ठी जागा तुन्ही शे, चांदभाऊ,” ते म्हणाले, आणि हाताने सगळा तुकडा दाखवला.

मशीनने धोंडे लोटले. डोंगर हजारो वर्षांपूर्वी जे अर्धवट ठेवून गेला होता, ते माणसांनी संध्याकाळपर्यंत पुरं केलं. जमीन पुन्हा होती तशी दिसायला लागली, आणखी चार धोंडे पडल्यासारखी. पाईपाचं टोक तेवढं हातभर वर राहिलं. ते कापायला कुणाचा हात धजेना.

माणसं पांगली. झिपरूने तौफिकचा सदरा झाडावरून काढून मुमताजबींच्या हातात दिला. खिशात कागदाची पुडी होती. पुडीत गूळ होता, उन्हाने पाझरून कागदाला चिकटलेला. त्या पुडी मुठीत धरून पाईपापाशी बसून राहिल्या. मग त्यांनी विचारलं,

“वो क्या बोलता था? दो बार?”

चांदभाईंच्या ओठावर आलं होतं, अम्मी म्हणत होता, म्हणून. तेवढं एक खोटं बोलायला हवं होतं. पण आयुष्यभर ह्या माणसाने एका शब्दाची किंमत खाल्ली होती, आणि त्यांच्याने दुसरा खोटा शब्द देववेना.

“ऊपर खींचो, बोलता था.”

“और तुम? तुम एक मारते थे.”

“सुन लिया.”

“रात भर?”

“रात भर.”

मुमताजबी त्यांच्याकडे बघत राहिल्या. त्यांनी शेजारचा एक दगड उचलला आणि पाईपवर दोन ठोके दिले. मग नवऱ्याकडे पाहून थांबल्या. चांदभाईंनी पहार हातात घेतली, उचललीही, पण तो एक ठोका त्यांना देता आला नाही.